नाकापेक्षा मोती जड नको: ट्रॅकच्या गाडीसाठी हलका बंद ट्रेलर घेताना

पहिला हंगाम गाडी चालवतच ट्रॅकवर न्यावी. एडिसनहून पहाटे निघायचं, मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कवर दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरी यायचं. बे एरियातली मंडळी विलोजच्या थंडरहिलला असंच जातात. मग हळूहळू गाडीत रोल बार येतो, एसी निघतो, रेसिंग सीट बसते, ट्रॅकचे वेगळे टायर लागतात. गाडी ट्रॅकवर सुधारते तशी रस्त्यावर बिघडत जाते. आणि दोनशे मैलांवर क्लच गेला तर घरी कसं यायचं, हा प्रश्न बायको विचारते तेव्हा त्याला उत्तर नसतं. ट्रेलरचा शोध इथून सुरू होतो.

उघडा ट्रेलर स्वस्त असतो, हलका असतो आणि ओढायला सोपा असतो. तरी बंद ट्रेलरचा मोह पडतो, त्याला कारणं आहेत. पाऊस आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ गाडीला लागत नाही. टायर, जॅक, हत्यारं कायमची आतच राहतात, त्यामुळे शुक्रवारी रात्री गॅरेज उपसावं लागत नाही. हॉटेलच्या आवारात रात्री गाडी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ट्रॅकवर दुपारी सावली मिळते. हे सगळं खरं आहे. पण बंद ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली आहे, आणि ती खोली तुमच्या गाडीला ओढायची असते.

ट्रेलर बघायला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो रिकाम्या वजनाचा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आकाराचा. हलका ट्रेलर घेण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छोटा ट्रेलर घेणं. 24 फुटांऐवजी 20, साडेसहा फूट उंचीऐवजी सहा. अ‍ॅल्युमिनियम त्यानंतर.

पण सुरुवात ट्रेलरपासून करूच नका. आपल्या पिकअपचं किंवा एसयूव्हीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर छापलेलं असतं. तो आकडा तुमच्याच गाडीचा असतो. माहितीपत्रकातला ‘11,000 पौंड ओढते’ हा आकडा त्या मॉडेलमधल्या सगळ्यात अनुकूल गाडीचा असतो. शिवाय हे आकडे ज्या एसएई जे2807 मानकानुसार काढतात, त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, प्रत्येकी 150 पौंडांची. चाचणी खडतर असते, यात वाद नाही. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा 11.4 मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. पण तुमच्या घरातली चार माणसं, कूलर आणि सायकली त्या चाचणीत नसतात.

आता हिशोब मांडू. ट्रॅकसाठी तयार केलेली माझदा मिआटा 2,400 पौंड धरा. जादा चाकांचा एक संच, जॅक, हत्यारं, पेट्रोलचे दोन कॅन, तंबू, खुर्च्या, पाणी मिळून 500. स्टीलचा 24 फुटी बंद ट्रेलर रिकामा 4,200च्या आसपास भरतो. एकूण 7,100 पौंड, म्हणजे सुमारे 3,200 किलो. ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहायचा असेल तर एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर पडला पाहिजे. याला टंग वेट म्हणतात. आपण आठवा हिस्सा धरू: जवळपास 890 पौंड. हा भार तुमच्या पिकअपच्या पाठीवर येतो, म्हणजे दारावरच्या स्टिकरमधून वजा होतो. समजा स्टिकरवर 1,450 लिहिलंय. 890 गेले. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे, म्हणजे हिचवरचा भार इतर ॲक्सलवर वाटणाऱ्या हिचचे, 100 गेले. दोन माणसांचे 340 गेले. उरले 120. तिसरा मित्र बसला की मर्यादा ओलांडली, आणि तुमची गाडी ‘अकरा हजार ओढणारी’ असून ओलांडली.

हाच हिशोब 20 फुटी, 2,700 पौंडांच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरवर करा. एकूण 5,600, टंग वेट 700. आता स्टिकरमध्ये 310 पौंड शिल्लक राहतात. तिसरा मित्र बसतो, त्याची बॅगही बसते. हलकेपणाचा खरा फायदा मागच्या ॲक्सलवर असा दिसतो. इंजिनाची ताकद बहुतेकांना आधीच पुरत असते.

यापेक्षाही फसवी गोष्ट ट्रेलरच्या स्वतःच्या पाटीवर असते. जाहिरातीत ‘7,000 पौंडांचा ट्रेलर’ लिहिलेलं असतं. तो आकडा ट्रेलर आणि त्यातला माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल याचा असतो, त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. 3,500 पौंडांचे दोन ॲक्सल म्हणून 7,000. त्यातून रिकाम्या स्टील ट्रेलरचे 4,200 वजा केले की आत ठेवायला 2,800 उरतात. वर धरलेली मिआटा आणि तिचं सामानच 2,900 आहे! बीएमडब्ल्यूची ई46 एम3 असेल तर ती एकटीच 3,400च्या घरात जाते, म्हणजे प्रश्नच मिटला. डीलरच्या आवारात असे 24 फुटी, 7,000च्या पाटीचे ट्रेलर रांगेत उभे असतात, स्वस्त असतात, आणि गाडी त्यांत आरामात मावते. मावते म्हणून पेलते असं नाही. त्या लांबीत स्टीलच घ्यायचा असेल तर 5,200 पौंडांचे ॲक्सल हवेत. असे ट्रेलर बहुधा 9,990 पौंडांच्या पाटीने विकले जातात, कारण 10,000 पौंडांच्या वर लायसन्सचे नियम बदलू लागतात. कॅलिफोर्नियाचं साधं क्लास सी लायसन्स त्याच मर्यादेपर्यंत चालतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरला 7,000ची पाटी असली तरी आत 4,300 पौंड बसतात. म्हणजे एम3 आणि तिचं 500 पौंड सामान, वर थोडी जागा. माझ्या मते अ‍ॅल्युमिनियमसाठी जास्त पैसे मोजायचं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे.

आता वाऱ्याकडे येऊ. ट्रेलरच्या बाजारात यावर फारसं कोणी बोलत नाही, कारण वारा विकता येत नाही. साडेआठ फूट रुंद आणि सात फूट उंच डब्याचा समोरचा भाग साठ चौरस फुटांच्या आसपास भरतो. अ‍ॅल्युमिनियमचा असो की स्टीलचा, हा आकडा तोच. सपाट महामार्गावर इंजिनाचा बहुतेक जोर हा भाग हवेतून ढकलण्यात जातो; वजन जाणवतं ते चढावर, थांबताना आणि पुन्हा निघताना. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी 65 मैलांवरून 75वर गेलात की तो तिसऱ्या हिश्शाने वाढतो. पेट्रोलवर चालणाऱ्या हाफ-टन पिकअपला 24 फुटी बंद ट्रेलर लावला की गॅलनला 8 ते 10 मैल मिळतात, आणि महागडा हलका ट्रेलर घेऊनही हा आकडा फारसा हलत नाही. छत सहा इंचांनी खाली आणलं तर हलतो. म्हणून आत ताठ उभं राहता येतं याचं फार कौतुक नको. ट्रॅकच्या गाड्या चार-साडेचार फूट उंच असतात. मान थोडी वाकवली तर बिघडत नाही. समोरून व्ही आकाराचं नाक असलेला ट्रेलर दिसायला वेगवान वाटतो, आणि नाकात टायर ठेवायला जागाही होते. पण इंधन वाचेल म्हणून तो घेऊ नका. तिथे ठेवलेली प्रत्येक वस्तू हिचवरचा भारही वाढवते.

टोयोटा हायलँडर किंवा किया टेल्युराइडसारखी 5,000 पौंड ओढणारी एसयूव्ही असणाऱ्यांना इथे एक मोह होतो. ओहायोतल्या कॅनफिल्डची ट्रेलेक्स ही कंपनी अ‍ॅल्युमिनियमचे भाग बोल्टने जोडून बंद ट्रेलर बनवते. त्यांचं वजन नेहमीच्या स्टील ट्रेलरच्या निम्म्याच्या आसपास येतं. त्यात मिआटा ठेवली आणि सामान आवरतं घेतलं तर एकूण वजन 5,000च्या आत राहतं. कागदावर बसतं. पण ओढणाऱ्या गाडीचं मॅन्युअल उघडून समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा शोधा. फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये ती वेगळी छापलेली असते, इतर कंपन्याही देतात. ती मर्यादा वजनाच्या आधी संपू शकते. दुसरं, आखूड व्हीलबेसच्या गाडीला मागचा लांब डबा सहज डोलवतो. ऑल्टामाँट पासवर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तिथे आडवा वारा सुटला की रिकामा हलका ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. 5,000 पौंड ओढणारी एसयूव्ही असेल तर माझं मत सरळ आहे: उघडा अ‍ॅल्युमिनियम ट्रेलर घ्या, पुढे टायरची पेटी बसवा आणि गाडीवर चांगलं कव्हर घाला. बंद ट्रेलर पिकअप घ्याल तेव्हा.

उलट बाजूही सांगतो. तुमच्याकडे तीन-चतुर्थांश टनाचा ट्रक असेल, म्हणजे एफ-250 किंवा 2500 वर्गातला, तर अ‍ॅल्युमिनियमचे जादा पैसे केवळ वजनासाठी मोजण्यात अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर स्टीलच्या जवळपास दुप्पट किमतीला जातो. आयोवातल्या क्रेस्कोची फेदरलाइट आणि इंडियानातल्या नॅपनीची एटीसी ही या धंद्यातली जुनी नावं आहेत. त्यांचे ट्रेलर जुने झाले तरी बऱ्या भावाने विकले जातात. ओहायो, मिशिगन किंवा न्यूयॉर्कमध्ये, जिथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, तिथे स्टीलची चौकट खालून गंजते. त्या राज्यांत न गंजणारी चौकट हेच अ‍ॅल्युमिनियमचं कारण पुरतं. कॅलिफोर्नियात ते कारण उरत नाही. आणि एक सूचना: ‘अ‍ॅल्युमिनियम ट्रेलर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येकांना फक्त बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, चौकट स्टीलचीच. खाली वाकून बघा, खिशात चुंबक असू द्या.

आतली मापं मात्र टेप घेऊन स्वतः घ्या. बाहेरून साडेआठ फूट म्हणजे 102 इंच. भिंतींच्या आत आठ फूट भरतात. पण गाडी भिंतींच्या मधून जात नाही, चाकांवरच्या पेट्यांच्या मधून जाते, आणि तिथे साधारण 80 ते 83 इंच मिळतात. जुनी मिआटा 66 इंच रुंद. दोन्ही बाजूंना मिळून पंधरा इंच मिळतात, ड्रायव्हर बारीक असेल तर निभावतं. सी5 कॉर्व्हेट 73.6 इंच. आत गेलात, इंजिन बंद केलंत, आता दार कुठे उघडणार? दाराची खालची कड चाकाच्या पेटीला अडते, आणि हेल्मेट, हार्नेससकट खिडकीतून बाहेर पडायची कसरत सुरू होते. यावर उपाय म्हणजे डाव्या भिंतीतलं एस्केप डोअर: भिंतीतला मोठा भाग वर उचलला जातो, खालची चाकपेटी निघते आणि गाडीचं दार बाहेर उघडतं. त्यासाठी पैसे आणि थोडं वजन द्यावं लागतं. दुसरा उपाय स्वस्त आहे. पुढे विंच बसवा, हातात रिमोट घ्या आणि गाडीत न बसताच ती आत ओढा. ट्रॅकवर इंजिन बंद पडलं तर नाही तरी विंचच लागणार आहे.

रॅम्पचं गणित विचित्र आहे. मागचं दार खाली पडलं की तेच रॅम्प होतं, म्हणून छत जितकं बुटकं तितका रॅम्प आखूड आणि चढ उभा. मी वर बुटक्या छताची शिफारस केली, त्याची किंमत इथे मोजावी लागते. तळ जमिनीपासून 20 इंचांवर आणि रॅम्प साडेसहा फुटांचा असेल तर चढ 15 अंशांच्या आसपास येतो. 16 इंचांची पुढची पट्टी जोडली की तो 12वर उतरतो. समोर स्प्लिटर लावलेली गाडी त्यावरही घासू शकते, म्हणून दोन लाकडी फळ्या किंवा रेस रॅम्प जवळ ठेवावेच लागतात. ट्रेलरच्या मागच्या भागाला उतार दिलेला असेल, ज्याला बीव्हरटेल म्हणतात, तर काम आणखी सोपं होतं. रॅम्पच्या दाराची क्षमताही विचारा. बहुतेक 4,000 पौंडांपर्यंतच असते.

टॉर्शन ॲक्सल असेल तर तळ खाली बसतो आणि प्रवास मऊ होतो. पण तो ट्रेलर जमिनीला समांतरच ओढला पाहिजे, नाहीतर एकाच ॲक्सलवर भार चढतो आणि त्याचे टायर जातात. लीफ स्प्रिंग कडक असते, पण रस्त्यात तुटली तर कुठल्याही गावात दुरुस्त होते. दोन्ही चालतात. ब्रेकमध्ये मात्र तडजोड नको: दोन्ही ॲक्सलना इलेक्ट्रिक ब्रेक, गाडीत ब्रेक कंट्रोलर, आणि ट्रेलर निसटला तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच. ट्रेलर डोलायला लागला तर पायाखालचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरवरचा हाताचा खटका हलकेच दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. हे घरच्या कोणी चालवणार असेल तर त्यांनाही रिकाम्या पार्किंगमध्ये एकदा करून दाखवा.

गाडी बांधायच्या डी-रिंग प्लायवूडला नव्हे, खालच्या चौकटीला जोडलेल्या असाव्यात. आत गाडी नेमकी कुठे उभी करायची हे अंदाजाने ठरवू नका. मिआटाचं इंजिन पुढे, 911चं मागे. दोघी एकाच जागी उभ्या केल्या तर हिचवरचा भार वेगळा येतो. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. तिथे संपूर्ण गाडा भरून वजन करा. वेट डिस्ट्रिब्युशनचे स्प्रिंग बार त्या वेळी सोडवून ठेवा. मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या ट्रकचं वजन घ्या. पहिल्या वेळी ट्रकच्या दोन ॲक्सलवर जितकं जास्त आलं, तितकं टंग वेट. 24 तासांच्या आत दुसऱ्यांदा वजन केलं तर दरही कमी लागतो. भार कमी भरला तर गाडी पुढे सरकवा, जास्त भरला तर मागे. जागा पक्की झाली की पुढच्या चाकांपाशी तळावर रंगाची पट्टी मारा. कमी भार ही जास्त भारापेक्षा धोक्याची गोष्ट आहे, ट्रेलर त्यानेच डोलतो. काही युरोपीय एसयूव्हींना वेट डिस्ट्रिब्युशन हिच चालत नाही, तेही मॅन्युअलमध्ये बघा.

ट्रेलर उभा कुठे करणार, हे खरेदीआधी ठरवा. आपली बरीच माणसं एचओएच्या वसाहतींत राहतात, आणि तिथे ड्राइव्ह-वेमध्ये ट्रेलर दिसला की आठवड्यात नोटीस येते. स्टोरेजचं भाडं दर महिन्याला लागणार असेल तर ते किमतीत धरा. न्यू जर्सीहून लाइम रॉकच्या ट्रॅकला जाणाऱ्यांना रस्ताही नव्याने शिकावा लागतो: कनेटिकटचा मेरिट पार्कवे आणि न्यूयॉर्कचे पार्कवे ट्रेलरला बंद आहेत, पूलही बुटके आहेत. टोल ॲक्सलवर मोजतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी 55 मैल, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. पेट्रोलचे कॅन बंद डब्यात ठेवणार असाल तर हवा खेळती राहील अशी झरोके असलेली भिंत निवडा. विम्याचंही विचारून घ्या; ट्रॅकवर झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा येत नाही, आणि ट्रेलरमधून चोरीला गेलेली हत्यारं कुठल्या पॉलिसीत येतात हे एजंटकडून लिहून घ्यावं.

जुना ट्रेलर घेणं वाईट नाही, उलट पहिला तसाच घ्यावा. छताच्या कोपऱ्यांत पाण्याचे डाग शोधा. तळावर टाच आपटत चाला, जिथे बद्द आवाज येईल तिथलं लाकूड कुजलेलं असतं. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून खूश होऊ नका. बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचे ट्रेलरचे टायर, कितीही चांगले दिसोत, किमतीतून वजा करा. आणि काही ठरवण्याआधी यू-हॉलचा उघडा ऑटो ट्रान्सपोर्ट भाड्याने घेऊन एक-दोनदा ट्रॅकवर जाऊन या. तो रिकामा 2,210 पौंडांचा आहे आणि 5,290 पौंडांची गाडी पेलतो. ओढणं म्हणजे काय, रिव्हर्स घेणं म्हणजे काय, आणि खरंच बंद डबा हवा आहे का, हे त्यात कळतं.

डीलरने सांगितलेल्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. त्यात कपाटं, विंच, जादा चाक, बॅटरी बहुधा धरलेली नसते. सौदा पक्का करण्याआधी तोच ट्रेलर, त्यातल्या सगळ्या सामानासकट, जवळच्या वजनकाट्यावर नेऊ द्या असं सांगा. नाही म्हणाला तर दुसरा डीलर गाठा.